टक्का राहू द्या, आधी तोंडावरची पट्टी काढा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

ॲप स्टोअरच्या खटल्याची बातमी आली की मथळ्यात तीस टक्के हमखास असतात. ॲपमधल्या विक्रीवर स्टोअर कापून घेतं ते तीस टक्के कमिशन, तीस टक्क्यांवरून वाद, तीस टक्के जास्त की बरोबर. वाचणारा म्हणतो, बरं मग, दोन गब्बर कंपन्या पैशावरून भांडताहेत तर भांडू देत की, आपल्या बापाचं काय जातंय. मी फावल्या वेळात एक छोटंसं ॲप चालवतो त्यामुळे ह्यातलं थोडंफार आतून बघितलंय, आणि माझं म्हणणं असं आहे की टक्क्याचं भांडण हे वरवरचं आहे, खरी गोम वेगळीच आहे आणि ती मथळ्यात कधीच येत नाही. ती म्हणजे हीच वस्तू दुसरीकडे स्वस्त मिळते एवढं साधं वाक्य ॲपवाल्याने आपल्याच गिऱ्हाइकाला आपल्याच ॲपमध्ये सांगायचं नाही, अशी बंदी.

माझाच किस्सा सांगतो. कुठलं पुस्तक कुठवर वाचून झालं ह्याची नोंद ठेवणारं माझं ॲप आहे, फुकट आहे, फक्त दोन-तीन डिव्हाइसवर नोंदी सिंक करायच्या असतील तर वर्षाची छोटी फी. वेबसाइटवर ती फी कमी ठेवली आणि ॲपमध्ये थोडी जास्त, कारण ॲपमधून आलेल्या पैशातून स्टोअर आपला वाटा कापून घेतं. इथवर कुणाची हरकत नव्हती. मग एका अपडेटमध्ये मदतीच्या पानावर एक ओळ टाकली, की ही सोय वेबसाइटवरूनही घेता येते. किंमत लिहिली नव्हती, स्वस्त हा शब्द नव्हता, साधी लिंक होती. अपडेट रिजेक्ट. उत्तर म्हणून नियमाचा नंबर आणि छापील मजकूर. लिंक काढली, नुसता वेबसाइट हा शब्द ठेवला, परत रिजेक्ट. शेवटी ओळच उडवली तेव्हा पास झालं. गंमत म्हणजे (गंमत आता वाटते, तेव्हा डोकं फिरलं होतं) त्याच अपडेटमध्ये मी एक वाईट बग दुरुस्त केला होता, काही लोकांच्या नोंदी आपोआप पुसल्या जात होत्या, आणि तो दुरुस्त झालेला असूनसुद्धा त्या एका ओळीपायी लोकांपर्यंत पोचायला नऊ दिवस लागले. ह्या नऊ दिवसांत मला शिव्या घालणारे रिव्ह्यू आले ते आले, ते अजून तिथेच आहेत. स्टोअर कुठलं ते सांगत बसत नाही. मोठी मोजून दोनच आहेत, ॲपलचं आणि गूगलचं, आणि ह्या बाबतीत दोघांचं वागणं वर्षानुवर्षं साधारण सारखंच राहिलंय.

माझं सोडा, मी कोण. मोठ्यांचं काय झालं ते बघा. गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफायने २०१४ मध्ये आयफोनच्या ॲपमधून सबस्क्रिप्शन विकायला सुरुवात केली तेव्हा बाहेर ९.९९ डॉलरला मिळणारी वस्तू ॲपमध्ये १२.९९ ला ठेवावी लागली, कारण कमिशन. २०१६ मध्ये त्यांनी ॲपमधली विक्रीच बंद केली. पण बंद केल्यावर ॲपमध्ये आमच्या साइटवर जा असंही लिहिता येईना, म्हणजे नवीन माणूस ॲप उघडणार, पैसे भरायचं बटण शोधणार, ते नाही, कुठे आहे तेही लिहिलेलं नाही. आणि त्याच फोनवर ॲपलचं स्वतःचं संगीताचं ॲप, त्याला कमिशनही नाही आणि अडवणूकही नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय. स्पॉटिफायने २०१९ मध्ये युरोपियन युनियनच्या कारभारी मंडळाकडे, म्हणजे युरोपियन कमिशनकडे, तक्रार केली आणि मार्च २०२४ मध्ये ॲपलला १.८ अब्ज युरोपेक्षा जास्त दंड झाला. तो दंड तीस टक्के घेतले म्हणून नव्हता, लोकांना स्वस्त पर्याय सांगू दिला नाही म्हणून होता, हे मुद्दाम लिहितोय कारण बऱ्याच बातम्यांमध्ये हेच गाळलं जातं.

ॲमेझॉनच्या किंडलचं, म्हणजे ई-पुस्तकांच्या ॲपचं, तर सगळ्यांनी अनुभवलंय. आयफोनवर किंडलच्या ॲपमध्ये पुस्तक वाचता येतं, चाळता येतं, पण विकत घ्यायचं बटण २०११ पासून नव्हतं. कितीतरी जणांना वाटायचं की आपल्यालाच सापडत नाहीये. मला स्वतःला दोन वर्षं तसं वाटत होतं, आणि मी ॲप बनवणारा माणूस. मे २०२५ मध्ये अमेरिकेत अचानक ते बटण आलं, टेक्नॉलॉजीत काही शोध लागला म्हणून नाही, तर आदल्याच आठवड्यात कोर्टाचा आदेश आला म्हणून.

हा आदेश कसा आला ते थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्या प्रकरणाचा अर्क त्यात आहे. १३ ऑगस्ट २०२० ला एपिक गेम्स ह्या कंपनीने फोर्टनाइट ह्या आपल्या गेममध्ये स्वतःचं पेमेंटचं बटण टाकलं आणि तिथून घेणाऱ्याला वीस टक्के सूट दिली. त्याच दिवशी ॲपल आणि गूगल दोघांनी गेम स्टोअरमधून काढून टाकला आणि त्याच दिवशी एपिकने दोघांवर खटले भरले, म्हणजे सगळी कागदपत्रं आधीच तयार होती, एपिक काही साधुसंत नाही, खोडी काढूनच कोर्टात गेली. ॲपलच्या खटल्यात सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स ह्यांनी दहापैकी नऊ मुद्द्यांवर ॲपलच्या बाजूने निकाल दिला. मक्तेदारी सिद्ध झाली नाही, यशस्वी होणं हा गुन्हा नाही असं त्यांनी निकालात लिहिलं. राहिला एकच मुद्दा, कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली, तो म्हणजे हाच, सांगायची बंदी. ती उठवा म्हणाल्या. एपिक नऊ मुद्दे हरली आणि एक जिंकली, पण तो एक कुठला ते बघा.

ॲपल अपिलात गेली, वर गेली, जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला, तेव्हा कुठे आदेश लागू झाला. आणि मग ॲपलने काय करावं? लिंक द्या म्हणाली, खुशाल द्या, पण लिंकवरून बाहेर गेलेल्या माणसाने सात दिवसांत काही विकत घेतलं तर त्याचे २७ टक्के आम्हाला. बाहेरच्या पेमेंटवाल्याचा खर्च साधारण तीन टक्के धरा, झाले परत तीस. लिंक कुठे ठेवायची, कशी दिसायची, त्यात कुठले शब्द हवेत ते सगळं ठरवून दिलेलं, आणि लिंक दाबली की पडदाभर इशारा, तुम्ही आता बाहेर चाललात, पुढची जबाबदारी आमची नाही वगैरे. हा इशारा जास्तीत जास्त घाबरवणारा कसा होईल ह्यावर कंपनीत आतल्या आत चर्चा झाल्याचं पुढे कोर्टात उघड झालं. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं, वर पावती मागितली.

३० एप्रिल २०२५ ला त्याच न्यायाधीशबाईंचा संयम सुटला. त्यांनी लिहिलं की हा मनाई हुकूम आहे, वाटाघाट नाही. ॲपलने जाणूनबुजून आदेश मोडला, फायनान्सच्या एका बड्या अधिकाऱ्याने शपथेवर खोटं सांगितलं, आणि प्रकरण फौजदारी अवमानासाठी सरकारी वकिलांकडे पाठवलं. निकालात असंही आहे की फिल शिलर, म्हणजे ॲप स्टोअरचा कारभार बघणारा माणूस, तो कंपनीत सांगत होता की आदेश नीट पाळूया, आणि कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक ह्यांनी त्याचं ऐकलं नाही. ह्याच शिलरनी २०११ मध्ये एका इमेलमध्ये विचारलं होतं की स्टोअरचा वर्षाचा नफा एक अब्ज डॉलरच्या वर गेला की टक्का पंचवीस-वीसवर आणायचा का. म्हणजे प्रश्न घरातच पडला होता, ह्या निकालाच्या चौदा वर्षं आधी. पुढे अपिलं झालीच, होतच राहणार, पण लिंक दाबायला लोकांना पहिल्यांदा मोकळं मिळालं ते तेव्हा.

आता दुसरा खटला, गूगलचा, आणि इथे मला खरंच चक्रावल्यासारखं झालं होतं. अँड्रॉइडवर तुम्ही बाहेरून ॲप टाकू शकता, दुसरं स्टोअर टाकू शकता, आयफोनपेक्षा कितीतरी मोकळं. तरी ११ डिसेंबर २०२३ ला ज्यूरीने चार तासांच्या आत एकमताने गूगलला दोषी ठरवलं आणि सगळं कडीकुलपात ठेवणारी ॲपल जवळजवळ सुटली. दार उघडं ठेवणारा अडकला आणि भिंत बांधणारा सुटला! पण नीट बघितलं तर तर्क आहे त्यात. भिंत बांधणाऱ्याला कुणाशी करार करावे लागत नाहीत, फोनही त्याचा आणि दुकानही त्याचं. दार उघडं असलं की त्यातून कुणी जाऊ नये म्हणून फोन कंपन्यांशी करार करावे लागतात, मोठ्या गेम कंपन्यांनी स्वतःचं स्टोअर काढू नये म्हणून त्यांना खूश ठेवावं लागतं, आणि करार म्हटला की कागद आला, कागद म्हटला की पुरावा आला. गूगलच्या कर्मचाऱ्यांचे आतले चॅट आपोआप पुसले जात होते म्हणून न्यायाधीश जेम्स डोनाटो ह्यांनी गूगलला चांगलंच झापलं होतं तो भाग वेगळा. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी प्ले स्टोअर उघडं करायचा आदेश काढला आणि जुलै २०२५ मध्ये अपील कोर्टाने तो कायम ठेवला. ह्यातून एखाद्या नवीन कंपनीने काय धडा घ्यावा? की पहिल्यापासून सगळं बंदच ठेवा, म्हणजे कोर्टात सोपं जातं. कायद्याने हा धडा शिकवणं मला बरं दिसत नाही.

बाकीच्या देशांचं थोडक्यात. दक्षिण कोरियाने ऑगस्ट २०२१ मध्ये जगात सगळ्यात आधी कायदा केला की स्टोअरने स्वतःचंच पेमेंट वापरायची सक्ती करायची नाही. कंपन्या म्हणाल्या ठीक, बाहेरचं पेमेंट वापरा, ॲपलचं कमिशन २६ टक्के, गूगलचं नेहमीपेक्षा चार टक्के कमी. नेदरलँड्समध्ये डेटिंग ॲपसाठी नियामकाने तेच सांगितलं, दर आठवड्याला पन्नास लाख युरो असा दंड पाच कोटी युरोपर्यंत चढत गेला, ॲपलने काय दिलं, २७ टक्के. भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले स्टोअरच्या पेमेंट सक्तीबद्दल गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला, तिथेही सवलत चारच टक्क्यांची निघाली, आणि दंड मार्च २०२५ मध्ये अपिलात २१६.६९ कोटींवर आला. मधल्या काळात, मार्च २०२४ ला, फी न भरल्याचं कारण देऊन गूगलने काही भारतीय कंपन्यांची ॲप स्टोअरमधून उतरवली होती, त्यात लग्न जुळवणारी होती, नोकऱ्या शोधून देणारी होती, सरकारने मध्ये पडल्यावर काही दिवसांत ती परत आली. कायदा आणि कंपनी ह्यांच्यात छत्तीसचा आकडा असेल असं वाटतं, प्रत्यक्षात तो सगळीकडे सव्वीस-सत्तावीसचा निघतो.

म्हणूनच मी म्हणतो टक्क्याच्या मागे लागू नका. टक्का सांगितला की ते टक्का बदलतात, नाव बदलतात, पेमेंटची फी म्हणत होते ते टेक्नॉलॉजीची फी म्हणतात. युरोपात डिजिटल मार्केट्स ॲक्ट, म्हणजे बड्या टेक कंपन्यांना आवरणारा कायदा, मार्च २०२४ पासून पाळायचा होता, तिथे ॲपलने नवीनच फी आणली, नव्या अटी घेणाऱ्या ॲपचे दहा लाख डाउनलोड ओलांडले की पुढच्या प्रत्येक डाउनलोडमागे वर्षाला अर्धा युरो, मग ते ॲप फुकट का असेना. पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये पन्नास कोटी युरो दंड झालाच, आणि तोही परत सांगायच्या बंदीवरूनच.

दुसरी बाजू मला मान्य नाही असं नाही. २००८ मध्ये ॲप स्टोअर सुरू झालं तेव्हा डबाबंद सॉफ्टवेअर दुकानातून विकणाऱ्याच्या हातात फार थोडं राहायचं, सत्तर टक्के तुमचे हे ऐकून लोक हरखले होते, मीही असतो. भामटी ॲप येतात, लोक फसतात, कुणीतरी तपासायला हवं हेही खरं. छोट्यांसाठी २०२१ पासून दोघांनी पंधरा टक्के केले, त्याचा मला फायदा झालाय, नाकबूल कशाला करू. आणि स्टोअर जास्त झाली की टक्का आपोआप खाली येतो हाही भाबडेपणाच आहे, चीनमध्ये गूगलचं स्टोअर नाही, फोन कंपन्यांची डझनभर स्टोअर आहेत, आणि गेमवर पन्नास टक्के कापून घेतल्याची तक्रार तिथले डेव्हलपर वर्षानुवर्षं करतायत. आगीतून फुफाट्यात.

पण एक गोष्ट मला कुणी समजावून सांगावी. टॅक्सी मागवायचं ॲप त्याच स्टोअरमधून डाउनलोड होतं, त्याच सर्व्हरवरून येतं, तसंच तपासलं जातं, बूट विकणारं ॲपही तसंच. त्यांच्या विक्रीवर कमिशन शून्य. कमिशन फक्त डिजिटल मालावर, म्हणजे गाणं, पुस्तक, गेम, सबस्क्रिप्शन. आता तपासायचा आणि साठवायचा खर्च भागवायला जर हे पैसे लागत असतील तर टॅक्सीचं ॲप तपासायला खर्च येत नाही का? आणि गाणी, पुस्तकं, व्हिडिओ, गेम हेच असे धंदे आहेत ज्यात स्टोअरवाल्यांची स्वतःची दुकानं आहेत. टॅक्सी ते चालवत नाहीत. मी वाईट अर्थ काढतोय असं कुणी म्हणेल, काढतोय खरा.

सुरक्षेचंही तसंच. भामटं ॲप अडवा ना, जरूर अडवा, पण 'आमच्या साइटवर हे स्वस्त आहे' ह्या वाक्यात व्हायरस कुठून आला? तपासणी आणि तोंड दाबणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही एकाच टेबलावरून होतात म्हणून त्या एकच असल्यासारख्या विकल्या जातात. मला विचाराल तर स्टोअरला तपासू द्या, त्याचे पैसेही घेऊ द्या, सरळ तपासणीची फी लावा, टॅक्सीवाल्यालाही लावा आणि स्वतःच्या संगीताच्या ॲपलाही लावा. टक्का किती हे मग बाजार बघून घेईल, पण बाजाराला बघायला मिळायला तर हवं. किंमत दाखवायचीच बंदी असेल तर गिऱ्हाइक तुलना कशाची करणार, आणि तुलना झालीच नाही तर टक्का कमी करायला कुणाला घाई आहे.

आणि नियामकांनी दंडाच्या आकड्यांवर खूश होणं बंद करावं. आकडे मोठे दिसतात, पण २०२२ ह्या एका वर्षात गूगलने आयफोनच्या ब्राउझरमध्ये आपलं सर्च ठेवायला ॲपलला वीस अब्ज डॉलर दिल्याचं अमेरिकेतल्या सर्चच्या खटल्यात बाहेर आलं. त्यापुढे पन्नास कोटी युरो म्हणजे चिल्लर. कॅलिफोर्नियात काम झालं ते दंडाने नाही, आदेश पाळला का हे बघायला तीच न्यायाधीश परत बसली, कंपनीचे आतले कागद मागवले, ह्याने झालं. ते करायला वेळ लागतो, माणसं लागतात, आणि त्याची बातमी होत नाही. तुम्ही केलीत तर बरं होईल, पुढच्या वेळी मथळ्यात तीस टक्के असतील तेव्हा बातमीत कुठेतरी एवढं द्या की ॲपवाल्याला आता आपल्या गिऱ्हाइकाशी बोलता येतंय का नाही.

माझ्या ॲपच्या मदतीच्या पानावर सध्या फक्त लिहिलंय, काही शंका असल्यास इमेल करा. लोक करतात. ॲपमध्ये फी एवढी का असं विचारतात, मी त्यांना इमेलमध्ये सांगतो, कारण तिथे स्टोअरचं कुणी बसलेलं नसतं. काल रात्री असे चार इमेल होते, चौघांनाही एकच उत्तर टाइप केलं.

आपला,
एक नेहमीचा वाचक, अर्धवेळ ॲप डेव्हलपर